अडुळशाचा नारिंगी डाग

शिरपूरच्या आमच्या घरामागे अडुळशाचं कुंपण आहे. खोकला झाला की आजी त्याच्या पानांचा रस मधातून द्यायची. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तीच पानं तोडली, तेव्हा ती म्हणाली, "उनमा नको, सावलीमा ठेव." खरंच, कडक उन्हात काही संयुगं बिघडतात.

वाळलेली पूड, मेथॅनॉल, सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात 8 तास. मग अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या टीएलसी प्लेटवर ड्रॅगेनडॉर्फ हे रंग आणणारं रसायन फवारलं आणि नारिंगी डाग उमटला. अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त संयुग! अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध घडलं. पण नुसत्या डागावरून नाव ठरत नाही, तुलनेसाठी त्याच प्लेटवर शेजारी शुद्ध व्हॅसिसिन चालवावं लागतं. ते पुढच्या आठवड्यात.

प्लेटचा फोटो आजीला दाखवला. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली.