मामांची डायना आणि चार जास्तीचे वेढे

तीन रविवार गेले, एक सायकलवाला वैतागला, बायकोनं फ्रीज परत हलवायला साफ नकार दिला आणि एवढं करून दोष निघाला भलतीकडेच. लिहून ठेवतोय कारण मलाच परत लागणार आहे.

दिवाळीत दिंडोरीला मामांकडे गेलो होतो तेव्हा माळ्यावर द्राक्षाच्या क्रेटांमागे पोत्यात गुंडाळलेली छऱ्याची बंदूक सापडली. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, मामा दसऱ्याला काढून पुसायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि परत वर. देवळालीतल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली तेव्हा तो सामान विकून गेला, त्यात घेतलेली. पाखरांवर चालवायची नाही हा मामांचा नियम, बागेतली पाखरं हाकलायला पत्र्याचा डबा बडवायचे पण ही नाही. "मोडलीये रे ती, ओढली की आत खुळखुळ वाजतं. तुला जमलं तर बघ, नाहीतर असू दे, पूजेपुरती आहेच."

नाशिकला आणून पुसली तर नळीवर ती डायना देवी दिसली, एका हातात एअर रायफल उंच धरलेली आणि धनुष्यबाण फेकून देणारी. मॉडेल २७, जर्मनीतल्या रास्टाटच्या कारखान्याची. मागे नळीवर बारीक आकड्यात महिना आणि साल ठोकलेलं असतं, ते काजळी काढल्यावर दिसलं, ०५ ६८. म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठी. डायना म्हटलं की एक भानगड लक्षात ठेवायची, दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कारखान्याची मशिनरी ब्रिटनला गेली आणि तिकडे स्कॉटलंडमध्ये मिलब्रोवाले त्याच नावानं बंदुका काढायला लागले, जर्मनांनी १९५० च्या सुमारास परत सुरू केलं ते वेगळं. त्यामुळे नुसतं "डायनाचा पार्ट" म्हणून काही मागवू नका, कुठली डायना ते आधी बघा.

या बंदुकीत पुढची नळी सांध्यातून खाली वाकवली (यालाच नळी मोडणं म्हणतात) की आतला पिस्टन स्प्रिंग दाबत मागे जातो आणि क्लिक करून खटक्यात अडकतो, घोडा दाबला की सुटतो आणि त्यानं दाबलेली हवा छर्रा ढकलते. खोलणं सोपं गेलं. सुताराचा लांब शिकंजा घेतला, पिस्टनच्या नळीच्या मागच्या तोंडाला लाकडाचा ठोकळा लावून आवळला आणि मग दोन्ही पिना काढल्या. हे शिकंज्याशिवाय करू नका, आतली स्प्रिंग न ओढताही दाबलेलीच असते, पिन निघाली की मागचं सगळं तुमच्या छातीवर येतं. माझी स्प्रिंग आत दोन तुकडे होऊन पडली होती, खुळखुळ तीच. पिस्टनचा चामडी वायसर वाळून पापडासारखा झालेला. ज्यांनी पितळी स्टोव्ह वापरलाय त्यांना सांगायला नको, स्टोव्हच्या पंपातला वायसर वाळला की कितीही मारा हवा भरत नाही, तोच प्रकार, फक्त इथे आकार मोठा.

आणि खटका खोलताना त्यातली एक गोळी पळाली.

या मॉडेलचा खटका बघण्यासारखा आहे. पिस्टनच्या मागच्या दांड्याच्या टोकाला खाच आहे, त्याभोवती एक बारीक नळी, नळीला तीन भोकं, प्रत्येक भोकात एक स्टीलची गोळी, आणि या सगळ्यावरून अजून एक बाहेरची नळी. बाहेरची नळी गोळ्यांना आत दाबून धरते, गोळ्या खाचेत बसतात आणि एवढी ताकदवान स्प्रिंग तीन गोळ्यांवर अडकून राहते. घोडा दाबला की बाहेरची नळी सरकते, गोळ्यांना बाहेर जायला जागा मिळते, पिस्टन सुटतो. म्हणूनच हा खटका इतका हलका लागतो. पण खोलताना खाली परात ठेवली नाही तर गोळी टाइल्सवरून टणटण करत फ्रीजखाली जाते आणि मग फ्रीज हलवावा लागतो, आणि फ्रीज हलवूनही ती मिळत नाही.

भद्रकालीत एका सायकलवाल्याकडे गेलो, म्हटलं छर्रे द्या. त्यानं विचारलं पुढच्या चाकाचे की मागच्या. मी म्हटलं बंदुकीचे. तो माझ्याकडे असा बघत राहिला की बस. हबमधल्या बेअरिंगच्या गोळ्यांना पण छर्रेच म्हणतात, बंदुकीतून सुटतात तेही छर्रे, आणि मला बंदुकीच्या आत बसणारे हवे होते. शेवटी उरलेल्या दोन गोळ्या दाखवल्या, त्यानं डब्यात हात घालून मूठभर काढल्या आणि मी तिथेच उभं राहून व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावत बसलो. तीन सारख्या निवडल्या, जुन्या दोन बाजूला ठेवल्या. एक नवी दोन जुन्या असं करायचं नाही, एक जरी कमी जास्त असली तर भार तिघींवर सारखा येत नाही.

स्प्रिंग सातपूरला एमआयडीसीत एका छोट्या गाळ्यात करून घेतली. इथे माझी चूक झाली, ती तेव्हा कळली नाही. कारागिरानं विचारलं, "टर्न किती ठेवू?" जुनी स्प्रिंग तुटलेली, दोन तुकडे, मी म्हटलं तार आणि गोलाई तीच ठेवा, लांबीला जरा जास्तच द्या, जुनी बसून गेली असेल. तो म्हणाला, "बघा बरं." मी म्हटलं बघतो काय, द्या.

वायसर शालीमारजवळ चपला शिवणाऱ्या काकांनी कापून दिला, तो भिजवून वाटीच्या आकारात दाबून वाळवला आणि मग रात्रभर इंजिन ऑइलमध्ये. पहिला वायसर मी वाया घालवला, पिस्टनच्या नळीला खाली जी लांब खाच असते तिच्या कडा धारदार असतात, पिस्टन आत ढकलताना चामडं तिथे सोललं गेलं. दुसऱ्या वेळी कडा बारीक पॉलिश पेपरनं मारून घेतल्या आणि बोथट पट्टीनं चामडं आत दाबत दाबत सरकवलं.

तर जोडली. नळी मोडायला घेतली, अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. क्लिक नाही. परत केली, थांबली. जोर लावला, नाहीच.

आता ज्यानं नुकत्याच खटक्यातल्या गोळ्या बदलल्यात तो माणूस कोणावर संशय घेईल? गोळ्यांवर. दोन रविवार मी फक्त खटका खोलला आणि लावला. गोळ्या ग्रीसमध्ये चिकटवून लावल्या, मग ग्रीस जास्त झालं म्हणून पुसून कमी लावलं, आतली नळी फिरली असेल म्हणून जुळवली, खटक्याचा स्क्रू मागे घेतला, पुढे घेतला. जुन्या गोळ्या परत लावून बघाव्यात असं वाटलं पण तिसरी कुठंय. दर वेळी शिकंजा, ठोकळा, पिना, आणि दर वेळी तेच, नळी एका ठिकाणी येऊन थांबते.

मित्राला फोन केला, तो अंबडला मेंटेनन्समध्ये आहे, बंदुकीतलं त्याला काही कळत नाही. त्यानं एकच विचारलं, "थांबते म्हणजे कशी थांबते? शेवटपर्यंत जाऊन परत येते, का मधेच दगडाला लागल्यासारखी?" मी म्हटलं दगडाला लागल्यासारखी. "मग खटक्याचं काय घेऊन बसलास, तिथपर्यंत पोचतच नाहीये ती. स्प्रिंग काढ आणि बिनस्प्रिंगची लावून बघ."

लाज वाटली खरं तर. खटका धरत नसेल तर नळी पूर्ण मोडली जाते, फक्त क्लिक येत नाही आणि सोडली की पिस्टन पुढे पळतो. माझी पूर्ण मोडतच नव्हती. नवी स्प्रिंग म्हणजे कडक असणारच असं मी गृहीत धरलं होतं.

स्प्रिंग न घालता बाकी सगळं जोडलं आणि नळी मोडली. क्लिक. स्वच्छ, बारीक, घड्याळाच्या किल्लीसारखा. घोडा दाबला, सुटलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा क्लिक. गोळ्या बिचाऱ्या पहिल्या दिवसापासून नीट होत्या.

मग कागद पेन घेतला. बिनस्प्रिंगची कॉक करून, म्हणजे नळी मोडून पिस्टन खटक्यात अडकवून ठेवली आणि स्प्रिंगला आत किती जागा उरते ते मोजलं. पिस्टनची आतली खोली ८८ मिलीमीटर, आणि पिस्टनच्या मागच्या कडेपासून मागच्या बैठकीपर्यंत खाचेतून मोजलं तर १७. एकूण १०५. स्प्रिंग कितीही दाबली तरी वेढ्याला वेढा चिकटला की संपलं, त्याच्या पुढे ती लोखंडाचा दांडकाच. तार ३ मिलीमीटरची, नव्या स्प्रिंगचे वेढे मोजले ३८, म्हणजे ११४. एकशेपाच मिलीमीटरच्या जागेत एकशेचौदाचा दांडका. जुन्या स्प्रिंगचे दोन तुकडे शेजारी ठेवून मोजले, ३३ वेढे, ९९. हे सातपूरला गाळ्यात उभं राहून दोन मिनिटात मोजता आलं असतं. आणि मी जो जोर लावत होतो त्यानं कॉकिंगचा दांडा वाकला नाही हे नशीब.

चार वेढे कापले, ३४ ठेवले, १०२ झाले. एक वेढा मुद्दाम जास्त ठेवला, हावरटपणा. कापलेलं टोक तसंच ठेवायचं नाही, ते तिरकं बसतं आणि स्प्रिंग आत वाकते. बाकी स्प्रिंग ओल्या फडक्यात गुंडाळली, शेवटचा वेढा फक्त गॅसवर लाल केला, दाबून बसवला आणि ग्राइंडरवर सपाट केला. बाकीच्या स्प्रिंगला आच लागली तर तिचा कडकपणाच जातो.

यावेळी क्लिक आला. छर्रा घालून, जुन्या पेपरांनी ठासलेल्या खोक्यावर पहिला बार टाकला (रिकामी कधी उडवू नका, पुढे छर्रा नसला की हवा अडत नाही आणि पिस्टन सरळ भिंतीवर आपटतो). ठो करून आवाज आला, नळीतून धूर, वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत. चामड्याला तेल जास्त झालं होतं, हवा दाबली की तापते आणि तेल पेटतं, डिझेल इंजिनचं तत्त्व तेच. पाचसात बारांनंतर धूर गेला. मग नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी धरून बघितलं, बार टाकला की पट्टी थरथरते, म्हणजे सांध्यातल्या छोट्या वायसरमधून हवा निसटतेय. त्याच्याखाली कागदाची पातळ चकती घातली, पट्टी हलायची थांबली. गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पाच छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले जातात, पंचावन्नहून जास्त वर्षांच्या बाईला हे पुष्कळ झालं.

गेल्या आठवड्यात मामा नाशिकला आले होते, त्यांच्या हातात दिली. त्यांनी नळी मोडली, क्लिक ऐकला, मान हलवली. मग परत मोडली.

"छान झालीये. पण पूर्वी एवढा जोर लागत नव्हता रे हिला."

तो जास्तीचा एक वेढा. शिकंजा अजून टेबलालाच लावलेला आहे, रविवारी परत खोलतो. यावेळी खाली परात ठेवून.