उभे कार्ड, जुना रायझर आणि काळा पडदा

पडदा अखेर उजळला आहे. मात्र तो जेन ३ वर (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीच्या तिसऱ्या, जेन ४ पेक्षा निम्म्या वेगाच्या पिढीवर) उजळला आहे, आणि जेन ४ साठी घेतलेले ग्राफिक्स कार्ड जेन ३ वर चालवणे मनाला पटत नसल्यामुळे या नोंदीला यशाची नोंद म्हणावे की नाही, हे अजून ठरलेले नाही. कार्ड केसमध्ये उभे धरणाऱ्या माउंटची रचना, रायझरचे (कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटला जोडणाऱ्या केबलचे) वळण आणि केसच्या काचेपासूनचे अंतर यांविषयी मागच्या नोंदींमध्ये सविस्तर लिहिले असल्याने ते पुन्हा सांगत नाही. या वेळी बदल एकच केला. माउंटवरचे जुने जेन ३ कार्ड उतरवून त्याच जागी नवे जेन ४ कार्ड बसवले. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा), मॉनिटर आणि रायझर हे सारे पूर्वीचेच राहिले.

बटण दाबल्यावर केसचे पंखे फिरले, कार्डावरचे दिवे लागले, कार्डाचे पंखे क्षणभर फिरून थांबले आणि मदरबोर्डवरचा, ग्राफिक्स कार्डाची अडचण दाखवणारा व्हीजीए एलईडी लागला तो लागूनच राहिला. मॉनिटरने सिग्नल नसल्याची पाटी दाखवली आणि तो झोपी गेला.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण ‘पडदा काळा आहे’ एवढेच सांगतात, पण निदानासाठी तेवढ्याचा फारसा उपयोग होत नाही. पडदा नेमका कोणत्या टप्प्यावर काळा आहे, हे आधी पाहावे लागते. बायोसचा (मदरबोर्डच्या मूळ प्रणालीचा) लोगो आणि विंडोजची फिरणारी टिंबे दिसून त्यानंतर अंधार झाला, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा आणि सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने जुने ड्रायव्हर साफ करावेत. लोगो दिसत नाही पण थोड्या वेळाने लॉगिनचा पडदा मात्र येतो, असे असेल तर मॉनिटर उशिरा जागा होत असतो किंवा कार्डाच्या फर्मवेअरचे डिस्प्लेपोर्टशी जुळत नसते. माझ्याकडे यातले काहीच नव्हते. कीबोर्डवरचे नम लॉक दाबले तरी त्याचा दिवा बदलत नव्हता, म्हणजे पोस्टच (सुरू होताना यंत्र स्वतःची करते ती तपासणी) पूर्ण होत नव्हती. विंडोज सुरूच झालेले नसताना ‘ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहा’ हा सल्ला कितीही जणांनी दिला तरी तो निरर्थक ठरतो.

वीजपुरवठ्याचा भाग लवकर आटोपला. कार्डाला आठ पिनांची दोन कनेक्टर आहेत. स्लॉटमधून मिळणारे ७५ वॅट आणि प्रत्येक कनेक्टरमागे १५० वॅट धरले, तर एकूण ३७५ वॅटपर्यंतची सोय होते, आणि पीएसयूची क्षमता त्याला पुरून उरते. दोन्ही कनेक्टरना पीएसयूपासून स्वतंत्र केबल दिल्या आहेत, एकाच केबलला फुटलेल्या दोन तोंडांवर मोठे कार्ड चालवणे मला आवडत नाही. वीज अपुरी असल्यास कनेक्टरजवळचा लाल दिवा लागतो, तो लागला नव्हता. (मॉड्युलर केबल बदलणाऱ्यांसाठी एक सूचना: पीएसयूच्या बाजूची पिनांची मांडणी उत्पादकागणिक, काही वेळा एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांमध्येही, वेगळी असते. कनेक्टर बसला म्हणजे केबल जुळली, असे समजू नये.)

डिस्प्लेपोर्टच्या केबलवरही संशय घेऊन झाला. या जोडणीतली २० क्रमांकाची पिन ३.३ व्होल्ट देण्यासाठी असते आणि प्रमाणानुसार सर्वसाधारण केबलमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसावी. काही स्वस्त केबलमध्ये मात्र ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून कार्डात उलटी वीज शिरते आणि यंत्र सुरू होण्यास नकार देते. ही शक्यता तपासणे सोपे आहे: मॉनिटरची केबल पूर्णपणे काढून यंत्र सुरू करायचे आणि एलईडीकडे पाहायचे. केबल काढल्यावरही व्हीजीए एलईडी तसाच लागून राहिला. एचडीएमआय लावूनही फरक पडला नाही, त्यामुळे ही वाट तिथेच बंद केली.

यानंतर कार्ड माउंटवरून उतरवले आणि रायझरशिवाय थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवले. लोगो लगेच आला. इतक्या खटपटीनंतर उत्पादकाचे ते भडक चिन्ह पडद्यावर पाहून जो आनंद झाला, तो एरवी ते लपवण्याची सोय बायोसमध्ये शोधणाऱ्या मला अनपेक्षित होता. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या साधनात बस इंटरफेसच्या रकान्यात भार असताना x१६ ४.० (सोळा लेन, म्हणजे समांतर मार्ग, जेन ४ च्या वेगाने) असे स्वच्छ दिसले. रिकाम्या वेळी तिथे १.१, म्हणजे जेन १, दिसते, त्याने घाबरू नये. वीज वाचवण्यासाठी लिंक (कार्ड आणि बोर्ड यांची जोडणी) स्वतःच खाली उतरते, आणि त्याच रकान्याशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून भार देता येतो.

म्हणजे कार्ड ठीक, स्लॉट ठीक, पीएसयू ठीक. उरला रायझर, परंतु हाच रायझर जुन्या कार्डासह इतका काळ बिनतक्रार चालत होता, आणि ते कार्ड आजही त्यावर लावले तर चालते. खरी गाठ इथे होती. रायझर बिघडलेला नाही आणि तरीही अडथळा त्याचाच आहे, हे मान्य करण्यासाठी लिंक कशी जुळते ते पुन्हा वाचावे लागले.

पीसीआय एक्सप्रेसची लिंक कोणतेही कार्ड असले तरी आधी जेन १ च्या वेगाने, म्हणजे प्रत्येक लेनवर सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफरने जुळते. दोन्ही टोके एकमेकांना आपली कुवत सांगतात आणि मग दोघांना जमेल त्या सर्वांत वरच्या वेगाकडे जातात. जुने कार्ड स्वतःच जेन ३ चे असल्यामुळे बोलणी ८ गिगाट्रान्सफरवर थांबत होती. नवे कार्डही जेन ४ आणि बोर्डही जेन ४, त्यामुळे दोघांनी १६ चा आकडा ठरवला. मध्ये असलेल्या केबलला या बोलण्यांत तोंड नाही. ती केवळ तारांचा पट्टा आहे, तिला ‘मला एवढे झेपणार नाही’ असे सांगण्याची सोयच नाही. वेग दुप्पट झाला की सिग्नलची मूलभूत वारंवारताही ४ गिगाहर्ट्झवरून ८ गिगाहर्ट्झवर जाते आणि त्याच तारेतला ऱ्हास वाढतो. त्यात रायझरमुळे मार्गात एक जास्तीचा कनेक्टर, एक जास्तीचा छोटा बोर्ड आणि केबलची लांबी यांची भर पडते. प्रमाणानुसार लिंक जमली नाही तर तिने खालच्या वेगावर परत यायला हवे. प्रत्यक्षात माझा बोर्ड त्या ठिकाणी अडकून बसतो.

उपाय कागदावर सोपा आहे: बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ करायचा. अडचण अशी की बायोसमध्ये जायला पडदा लागतो आणि माझ्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. म्हणून कार्ड स्लॉटमध्ये थेट असतानाच हा बदल केला, जतन केला, यंत्र बंद करून वीज काढली आणि कार्ड पुन्हा माउंटवर चढवून रायझर जोडला. या वेळी व्हीजीए एलईडी लागला, विझला आणि लोगो आला. ज्यांचे नवे कार्ड थेट लावणे शक्य नाही त्यांनी जुने कार्ड रायझरवर लावून हाच बदल करावा. परिणाम तोच मिळतो.

या टप्प्यावर ‘सीमॉस क्लिअर करा’ (बायोसमध्ये जतन केलेले बदल पुसा) या सार्वत्रिक सल्ल्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. काळा पडदा दिसला की पहिले उत्तर हेच मिळते, आणि रॅमच्या वेगाची गडबड असेल तर ते योग्यही आहे. रायझरच्या बाबतीत मात्र सीमॉस क्लिअर केल्याने वेग पुन्हा ‘ऑटो’ होतो, म्हणजे चालू असलेले यंत्रही त्या सल्ल्याने काळे पडेल. बायोस अद्ययावत केल्यावरही तेच होईल, आणि बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपत आली तर एखाद्या दिवशी काहीही न करता तेच होईल. म्हणून बाजूच्या झाकणाच्या आत ‘रायझर: जेन ३’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. दिसायला ती शोभत नाही, पण तिचा उपयोग आरजीबी पट्टीपेक्षा नक्कीच जास्त आहे.

इथे थांबता आले असते. जेन ३ च्या सोळा लेनवर एका दिशेने सेकंदाला सुमारे १५.७५ गिगाबाइट जातात आणि जेन ४ वर सुमारे ३१.५, पण गेम कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावत असेल तर हा फरक पडद्यावर सहसा जाणवत नाही. ज्या कार्डांना आठच लेन जोडलेल्या असतात, त्यांच्या बाबतीत जेन ३ ची मर्यादा अधिक लागते, विशेषतः मेमरी अपुरी पडल्यावर. माझे कार्ड सोळा लेनचे आहे, तेव्हा व्यवहार पाहिला तर तक्रारीला जागा नाही.

तरीही रायझरला आणखी एक संधी द्यावी म्हणून वेग पुन्हा ‘ऑटो’ केला आणि केबलचे वळण सैल केले. आधी ती पीएसयूच्या आच्छादनावर दाबून घडी पडल्यासारखी बसली होती. आता ती मोठ्या कमानीत सोडली. यंत्र सुरू झाले, लोगो आला, जीपीयू-झेडने x१६ ४.० दाखवले, आणि मला वाटले की प्रश्न केवळ वळणाचा होता. मग विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टीमच्या यादीत डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअर त्रुटी टिपणाऱ्या विंडोजच्या भागाच्या) १७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती, प्रत्येकीत पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचे नाव आणि ‘दुरुस्त केलेली हार्डवेअर त्रुटी’ असा मजकूर होता. लिंक चुकत होती आणि पुन्हा पाठवून भागवत होती. रीस्टार्ट केल्यावर पडदा परत काळा झाला. हा प्रकार सरळ अपयशापेक्षा जास्त त्रासदायक वाटला, कारण इव्हेंट व्ह्यूअर न पाहता हेच यंत्र कोणी ‘दुरुस्त झाले’ म्हणून बंद केले असते आणि पुढे गेम मध्येच कोसळू लागल्यावर दोष ड्रायव्हरला दिला असता.

तेव्हा जेन ४ चा रायझर घ्यायचा, असे ठरवून विक्रेत्यांची पाने चाळली, आणि तिथल्या वर्णनांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ‘जेन ४ सुसंगत’ हे शब्द जवळपास सगळीकडे आहेत, पण केबलची लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत मोजली आहे आणि तारांच्या जोड्यांना वेगळे आवरण आहे की तो जुनाच सपाट पट्टा नव्या खोक्यात घातला आहे, हे शोधावे लागते. ‘सुसंगत’ याचा अर्थ जेन ३ वर उतरून चालतो असाही घेता येतो, आणि काही ठिकाणी तो तसाच घेतलेला असावा. लांबी शक्य तितकी कमी आणि आवरण असलेले वेगवेगळे पट्टे, या दोन गोष्टी दिसल्याशिवाय मी मागणी नोंदवणार नाही.

लांबी ठरवण्यासाठी आत्ता, हे लिहीत असतानाच, माउंटवर पट्टी धरून अंतरे मोजली आणि एक वेगळीच गोष्ट समोर आली. नवे कार्ड जुन्यापेक्षा बरेच जाड आहे, त्यामुळे त्याचे पंखे काचेच्या फारच जवळ आले आहेत. काच लावलेली आणि काढलेली अशी तुलना केली तर त्याच भारावर पंख्यांचा आवाज स्पष्टपणे बदलतो. माउंट बोर्डाच्या दिशेने आत सरकवला तर हवेला जागा मिळेल आणि केबलही आखूड चालेल, पण त्यासाठी माउंटच्या कंसाला (ब्रॅकेटला) नवी भोके पाडावी लागतील आणि खालच्या एम.२ एसएसडीच्या हीटसिंकला कार्ड अडते का, ते पाहावे लागेल. म्हणजे आधी कंस आणि मग रायझर, असा क्रम उलटा झाला; कंसाची जागा ठरल्याशिवाय केबलची लांबी ठरवण्यात अर्थ नाही.

म्हणून तूर्त कार्ड माउंटवरून उतरवून थेट स्लॉटमध्ये आडवे बसवत आहे, खालून आधाराची दांडी देत आहे, कारण या वजनाचे कार्ड नुसत्या स्लॉटवर लटकत ठेवणे मला मंजूर नाही. वेग ‘ऑटो’ केला आहे आणि झाकणाच्या आतली चिठ्ठी तात्पुरती काढली आहे. पुढच्या नोंदीत कंसाचे माप आणि काचेपासूनच्या वेगवेगळ्या अंतरांवरची तापमाने देईन. ज्यांचे कार्ड उभ्या माउंटवर खरोखर जेन ४ वर चालते आहे, त्यांनी केबलची लांबी कळवावी आणि सोबत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १७ क्रमांकाच्या नोंदी आहेत का, तेही पाहून सांगावे. केवळ ‘माझ्याकडे चालते’ एवढ्या माहितीवर मी भोके पाडणार नाही.