लेग डेची वही : आठवडा ३९, सीट ४०॥

मागच्या शनिवारी ठाण्यात चरईत टेलरकाकांकडे पॅन्टचं कापड टाकायला गेले. त्यांची ती लांबट, कडा झिजलेली वही आहे, तिच्यात माझी मे महिन्यातली मापं होती, म्हणजे मी जिममध्ये पायांच्या व्यायामासाठी वजनाच्या बारखाली उभी राहायच्या आधीची. कंबर ३३, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ४०, मांडी २३॥. काकांनी टेप लावून आकडे पुकारले, त्यांच्या मुलाने जुन्याच्या खाली नवे लिहिले. कंबर ३१॥. सीट ४०॥. मांडी २३॥।.

नऊ महिने, आठवड्याला तीन दिवस, पहाटे साडेपाचचा गजर, आणि सीट फक्त अर्धा इंच? मांडी पाव? खरं सांगते, तिथेच तोंड पडलं माझं.

मग काकांनी मला पाठमोरी उभं केलं. अंगात जुनीच पॅन्ट होती. म्हणाले, "ताई, ही मागून खाली ओढली जातेय. मागचं आसन पाऊण इंच वाढवायला लागणार. पुढचं आहे तेवढंच ठेवतो."

रिक्षात बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. टेप गोल फिरतो, त्याला घेर कळतो. त्या घेरात काय कुठे गेलं ते त्याला कळत नाही. माझं बाजूचं थोडं आत गेलं, मागचं बाहेर आलं, घेर होता तिथेच राहिला. आसन मात्र कंबरेपासून खाली मागच्या गोलाईवरून जातं, त्यामुळे तिथे पाऊण इंच कापड कमी पडलं. आरशात रोज बघून मला जे दिसलं नव्हतं ते काकांना वीस सेकंदांत दिसलं. माझ्यासारखं फक्त टेपवर विसंबून चिडचिड करणाऱ्यांनी, विशेषतः मैत्रिणींनो, जुन्या पॅन्टचा मागचा पट्टा बघा एकदा.

आता वहीतले बाकीचे आकडे. वजन ६३.४ वरून ६२.६, म्हणजे काहीच नाही. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक, रिकाम्या २० किलोच्या बारपासून ५७.५ किलो, ५ रेप, म्हणजे सलग पाच वेळा. रोमानियन डेडलिफ्ट (हातात बार धरून कंबरेतून पुढे झुकायचं आणि सरळ व्हायचं) ६० किलो, ८ रेप. हिप थ्रस्ट (बारखालून नितंब वर ढकलायचे) ९० किलो, ८ रेप. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बेंचवर ठेवून एका पायाची बैठक) दोन्ही हातांत १० किलोचे डंबेल, प्रत्येक पायाला ८, आणि त्यानंतर जिमच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरून.

ज्यांनी आत्ताच सुरू केलंय त्यांच्यासाठी पहिल्या दोन महिन्यांचं सांगते, कारण बहुतेकजणी तिथेच सोडतात. मीही सोडणार होते. जूनमध्ये सुरू केलं आणि जुलैत जीन्स मांडीला चढेना. घरी लगेच ठराव पास: "बघ, सांगत होते ना, मांड्या जाड होतील." सासूबाईंचं वाक्य, त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. पण एवढ्या लवकर स्नायू इतका वाढत नाही. सुरुवातीला ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेमुळे, आहे तोच स्नायू नीट कामाला लागतो. घट्टपणा येतो तो सुजेचा आणि पाण्याचा. कामाला लागलेला स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जास्त साठवतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. शिवाय अंग नवीन असतं, प्रत्येक लेग डेनंतर दोन-तीन दिवस दुखतं. सप्टेंबरपर्यंत तीच जीन्स पुन्हा चढली. कंबरेला सैल झाली, मांडीला होती तशीच. तेव्हापासून सगळ्या जीन्सची हीच तक्रार आहे: मांडीला बसणारी घेतली की कंबरेत मूठ जाते. म्हणून तर टेलरकाका.

आणि हो, बाईमाणसाच्या मांड्या पहिलवानासारख्या होण्याची भीती असेल तर सोडून द्या. आपल्यात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फारच कमी. मी नऊ महिने जीव तोडून पाव इंच कमावलाय.

चरबीचं गणित वेगळं आहे. मांडीचा व्यायाम केला म्हणून मांडीचीच चरबी जात नाही, ती कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं. बायकांत इस्ट्रोजेनमुळे ती मांडी-नितंबांवर साठते आणि तिथून हलायला कुरकुर करते. माझी आधी कंबरेवरची गेली. त्यामुळे लोक आता "शेप आलाय" म्हणतात त्यातलं निम्मं काम कंबरेने केलंय, श्रेय मात्र स्क्वॉटला. वजन जवळपास तेवढंच राहिलं तरी कपडे वेगळे बसले याचंही कारण सरळ आहे: स्नायू चरबीपेक्षा घट्ट, त्याच वजनाला साधारण १५ टक्के कमी जागा घेतो.

आता व्यायामांबद्दल माझी मतं. मतंच आहेत, पण घाम गाळून बनवलेली.

स्क्वॉट खोल मारा. अर्धा मारला की वजन जास्त उचलता येतं आणि भाव खाता येतो, पण नितंबांचा मोठा स्नायू आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू खोल गेल्यावरच पोटभर काम करतात. माझा स्क्वॉट पाच महिने अर्धवटच होता. नोव्हेंबरात मोबाइल जमिनीवर टेकवून बाजूने शूटिंग केलं तेव्हा कळलं. ५० वरून थेट ३५ किलोवर उतरले. लाज वाटली, पण आसनाचा पाऊण इंच त्यानंतरच्याच महिन्यांतला असणार असा माझा संशय आहे.

स्क्वॉटने मांडीची मागची बाजू भरेल असं मला वाटायचं. ती फारशी भरत नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे हा मागचा स्नायू, खुब्याच्या सांध्यावरूनही जातो आणि गुडघ्यावरूनही. खाली बसताना तो एका टोकाला ताणला जातो तेव्हाच दुसऱ्या टोकाला सैल पडतो, म्हणून एकूण लांबी फार बदलत नाही. त्याच्यासाठी रोमानियन डेडलिफ्ट हवाच, आणि लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा दुमडायचा) बसून करायचं मशीन असेल तर पालथं झोपून करण्याऐवजी ते घ्या, कारण बसल्यावर स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करतो. आमच्या नौपाड्यातल्या तळघरातल्या जिममध्ये एकच लेग कर्ल आहे, पालथं झोपायचं, आणि त्याचं रेक्झिन पावसाळ्यात पाठीला, सॉरी, पोटाला चिकटतं. मी डेडलिफ्टवरच भागवते.

हिप थ्रस्टबद्दल मी सुरुवातीला नाक मुरडायचे. बेंचवर पाठ टेकवून बार वर ढकलायचा, आजूबाजूला कॉलेजची पोरं, संकोच वाटायचा. पण नितंबांच्या वाढीसाठी तो स्क्वॉटच्या तोडीस तोड आहे, आणि मांडी त्याने फारशी वाढत नाही. ज्यांना मागची गोलाई हवी पण मांडीचा घेर नको त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे. बारखाली जाड फोम हवाच, नाहीतर कंबरेच्या हाडावर निळे डाग. माझ्याकडे जुनी योगा मॅट गुंडाळून सुतळीने बांधलेली आहे, जिममध्ये तिला सगळे "ताईंचा लोड" म्हणतात. बैठकीतला लोड, वजनाचा नाही.

डिसेंबरात माझी चूक झाली. ५५ किलोचा डेडलिफ्ट, शेवटचे दोन रेप पाठ गोल करून ओढले, कारण शेजारच्या रॅकवर एकजण बघत होता. कंबरेत चमक भरली. बारा दिवस फक्त चालणं, तलावपाळीच्या फेऱ्या, जास्तीत जास्त उपवनपर्यंत. दोष त्या माणसाचा नाही, माझा. परत आले ती ४० वर, आणि आता शेवटचे दोन रेप न मारता राखून ठेवूनच सेट संपवते.

पोटऱ्या: १४ होत्या, १४। झाल्या. पोटरीचा स्नायू कुठे संपतो आणि शिरेसारखा टेंडन कुठे सुरू होतो हे जन्मतःच ठरतं. माझा वरच संपतो. उभं राहून काफ रेज, म्हणजे टाचा वर-खाली, करते, खाली पूर्ण ताण देऊन, आणि फार अपेक्षा ठेवत नाही. हिप डिपचंही, म्हणजे नितंबाच्या बाजूला दिसणाऱ्या खड्ड्याचंही, तेच. तो खड्डा कमरेचं हाड आणि मांडीच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधला असतो, सांगाड्यातच. बॅन्ड लावून खेकड्यासारखं आडवं चालायचे तीन महिने, त्याने बाजूचा छोटा स्नायू जरूर जागा झाला, खड्डा आहे तिथेच आहे. व्हिडिओत दहा दिवसांत बुजवून देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

खाण्यावर एकच ओळ लिहायची ठरवली होती, पण दोन झाल्या. दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रोटीन माझं लक्ष्य आहे आणि ते वरण-भातातून होत नाही, म्हणून सकाळी तीन अंडी, दुपारी मटकी, रात्री पनीर किंवा सोया. गणपतीत दहा दिवस उकडीचे मोदक खाल्ले, त्याचा हिशोब ठेवला नाही आणि ठेवणारही नाही.

बाबांना हे सगळं ऐकवलं. ते कराडकडचे, पोरवयात तालमीत जायचे, आणि आमच्याकडे खाशाबा जाधवांचं नाव देव्हाऱ्यातल्यासारखं घेतलं जातं. १९५२ साली हेलसिंकीला पदक आणलं ते शेजारच्या गोळेश्वरच्या माणसाने, असं सुरू झालं की जेवण थंड होतं. बाबा म्हणाले, "एवढी लोखंडं कशाला गं? आम्ही पाचशे बैठका मारायचो." मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी हॉलमध्ये एक मारून दाखवली. त्यात मी नीट पाहिलं: टाचा उचललेल्या, गुडघे पंजाच्या पुढे, धड सरळ. म्हणजे भार जवळपास सगळा मांडीच्या पुढच्या बाजूवर. तालमीतल्या जुन्या फोटोंतल्या त्या भरलेल्या मांड्या कुठून आल्या ते समजलं. उठताना मात्र त्यांनी सोफ्याचा हात धरला, आणि मी बघितलंच नाही असं केलं.

पुढच्या नोंदीपर्यंतचं ठरवलेलं: गुढीपाडव्याआधी स्क्वॉट ६० किलो, पण खोल, शूटिंगसह. हिप थ्रस्ट ९० वरच थांबवून रेप १० करणार. मांडीचा टेप महिन्यातून एकदाच, तोही पाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात, नाहीतर पाण्यानेच आकडा बदलतो आणि मी उगाच खूश किंवा दुःखी.

काल संध्याकाळी पॅन्टची ट्रायल होती. काका म्हणाले, "बसून बघा ताई." त्यांनी स्टूल पुढे केलं होतं. मी दुकानातच, कापडाच्या ताग्यांच्या मधे, खोल बैठक मारली. मागचा पट्टा जागेवर राहिला, शिवण उसवली नाही. काकांच्या मुलाने मान खाली घालून वहीत आसनापुढे काहीतरी लिहिलं. पायाकडची मोहरी मात्र अर्धा इंच सैल आहे, ती गुरुवारी.