विक्सबर्गच्या वाटेवरची पऱ्हाटी

डॅलसहून पहाटे निघालो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मिसिसिपी नदी होती. लहानपणी भूगोलात पाठ केलेली नदी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच. विक्सबर्ग मुलाने ठरवलं. त्याला अमेरिकन यादवी युद्धाचं, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तरेची आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढली त्या युद्धाचं, वेड आहे. श्रीव्हपोर्ट, मन्रो ही गावं मी चक्क झोपेत ओलांडली.

डेल्ही नावाचं गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं दिसू लागलं. मी म्हटलं, "गाडी थांबव रे." हायवेवर थांबता येत नाही म्हणून त्याने पुढच्या एक्झिटने बाहेर काढून एका शेताच्या कडेला उभी केली. पऱ्हाटीच होती! कमरेएवढी, औषध मारून पानं गाळलेली, सगळी बोंडं एकदमच उमललेली. शेताच्या टोकाला यंत्राने वेचून पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे अवाढव्य गोल गठ्ठे. अख्ख्या शिवारात एक माणूस नाही. बांधावर गळून पडलेलं एक बोंड मी उचललं. सुकलेल्या टरफलाचं टोक नखाशेजारी तसंच बोचलं, जसं आमच्या यवतमाळकडे बोचतं. सीतादहीच्या, म्हणजे वेचणी सुरू करायच्या, दिवशी ओटी बांधून शेतात शिरणारी आई आठवली. तिच्या बोटांची कातडी दिवाळीपर्यंत फाटलेली असायची. सरकीवरून धागा ओढून पाहिला. चांगला लांब होता.

पुढे पूल, खाली गढूळ, रुंद मिसिसिपी, आणि पलीकडच्या टेकाडांवर विक्सबर्ग.

त्या टेकाडांवरच्या तोफांनी नदी अडवून धरली होती, तीच दक्षिणेची ताकद. उत्तरेकडे माणसं सव्वादोन कोटींच्या आसपास, दक्षिणेकडे सुमारे ९० लाख, आणि त्यातले जवळपास ३५ लाख गुलाम. कारखाने, आगगाड्या, जहाजं यांतही उत्तर कितीतरी पुढे. पण उत्तरेला प्रचंड मुलूख जिंकायचा होता, दक्षिणेला फक्त हरायचं नव्हतं. हे गणित बघायचं तर इथल्या पार्कमधली उत्तरेची कैरो ही चिलखती युद्धनौका बघावी. १२ डिसेंबर १८६२ ला याझू नदीत ती बुडाली. बुडवणारं शस्त्र काय, तर काचेच्या मोठ्या बुधल्यांत बंदुकीची दारू ठासून पाण्यात सोडलेले सुरुंग. बारा मिनिटांत जहाज तळाला गेलं, सुदैवाने माणूस एकही मेला नाही. १९६४ मध्ये ते वर काढलं. गंजलेल्या लोखंडी पत्र्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. जहाज गेल्याचं उत्तरेला फारसं जाणवलं नसेल, तिच्याकडे दुसरी होती. दक्षिणेचं एक हरवलं तर तिथे दुसरं कुठून येणार?

समोरून हे गाव पडत नाही म्हटल्यावर उत्तरेचा सेनापती ग्रँट याने सैन्य नदीच्या पश्चिमेकडून, लुईझियानातून, खाली नेलं. म्हणजे मी बोंड उचललं त्याच सपाटीवरून! १६ एप्रिल १८६३ च्या रात्री त्याची जहाजं तोफांच्या माऱ्यातून खाली सरकली. त्यांच्या अंगाला आडोसा म्हणून गवताचे भारे आणि कापसाच्या गाठी बांधल्या होत्या, आणि ती दिसावीत म्हणून काठावर दक्षिणेच्या लोकांनी जाळल्या त्याही टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या गाठीच. ३० एप्रिलला सैन्य नदी ओलांडून आलं आणि १७ दिवसांत पाच लढाया जिंकलं. दक्षिणेचा सेनापती पेंबर्टन मूळचा पेन्सिल्व्हेनियाचा, म्हणजे उत्तरेतला. दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस सांगतो गाव सोडू नको, वरिष्ठ जॉन्स्टन सांगतो गाव सोड आणि मला येऊन मिळ. मला त्या माणसाची दया आली. त्याने गाव धरलं आणि गावासकट अडकला. वेढा ४७ दिवस चालला. लोक पिवळ्या मातीत गुहा खोदून राहिले, शेवटी शिपायांनी खेचरांचं मांस खाल्लं. ४ जुलैला शरणागती झाली. इलिनॉयच्या स्मारकाला दर दिवसाची एक अशा ४७ पायऱ्या आहेत. त्या चढताना माझे गुडघे बोलायला लागले होते, तरी एकही सोडली नाही.

पण दक्षिणेचा खरा भरवसा तोफांवर नव्हता, माझ्या पर्समधल्या बोंडावर होता. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस इथूनच जायचा. तो रोखून धरला की इंग्रज झक मारत आपल्या बाजूने उतरतील, हा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला. गिरण्यांच्या गोदामांत आधीचा साठा होता, मँचेस्टरच्या कामगारांनी उपासमारीतही उत्तरेच्या अध्यक्षाला, लिंकनला, पाठिंब्याचं पत्र धाडलं, आणि कापूस मिसरमधून व आपल्याकडून निघाला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड! आपला कापूस आखूड धाग्याचा, लँकेशायरचे कामगार त्याच्या नावाने कुरकुरायचे, तरी मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये इथलं युद्ध संपलं आणि मुंबईचा शेअर बाजार कोसळला. दोन वर्षांनी रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडाच्या गळ्यात कापूस कायमचा पडला. आमच्या घरातली कर्जं, आईची फाटलेली बोटं, यांचा एक धागा या टेकाडापर्यंत येतो, हे साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी चिडले. वाटेत एका जुन्या मळेवाल्याचा वाडा बघितला, नाव सांगत नाही. दाखवणाऱ्या बाईंनी पाऊण तास पडदे, चिनी मातीची भांडी आणि जिना दाखवला. कापूस वेचला कुणी, हे एकदाही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते या टूरमध्ये नाही." त्या वेचणाऱ्यांनीच तर पारडं फिरवलं. १८६३ पासून हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या फौजेत शिरले, आणि विक्सबर्गच्या वरच्या अंगाला मिलिकन्स बेंडला, हातात बंदूक येऊन काही आठवडेच झाले असताना, जीव तोडून लढले. तिकिटाचे पैसे मला अजून टोचतात.

रात्री हॉटेलातून गावी भावाला फोन लावला. पऱ्हाटीचं सांगितलं, यंत्राचं, गठ्ठ्यांचं, धाग्याच्या लांबीचं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ते जाऊ दे ताई. तिकडं कापसाले भाव काय हाय?"

मी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायला त्या शेतात माणूसच नव्हता.