एकही सिग्नल दिसला नाही: बाबांबरोबर शिनकानसेनचा प्रवास

शिनकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, टोकियोहून सुटली तरी बाबांचं लक्ष बाहेरच्या शहराकडे नव्हतंच. ते सिग्नल शोधत होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. आमच्या कल्याणच्या घरी पाहुणे जेवायला बसले तरी होम, स्टार्टर, डिस्टंट हे सिग्नलचे प्रकार निघाल्याशिवाय ताक वाढलं जात नाही. शिनागावा गेलं, शिन-योकोहामा गेलं, पण रुळांच्या कडेला सिग्नलचा एकही खांब नाही. "काहीच नाही गं," ते हळूच म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना एवढ्या लांब आणल्याचं सार्थक झालं.

ताशी २८५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८० मीटर. एवढ्या वेगात कडेचा दिवा वाचायचा आणि मग ब्रेक लावायचा, हे माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून, म्हणजे १ ऑक्टोबर १९६४ पासून, टोकियो ते ओसाकाच्या या तोकाइदो मार्गावर किती वेगाने जायचं हे चालकाला केबिनमध्येच दिसतं. तो वेग ओलांडला तर गाडी आपणहून ब्रेक लावते. किनाऱ्यावर आणि मार्गालगत भूकंपमापक बसवलेले आहेत. मोठा धक्का पोहोचण्याआधी येणारी पहिली हलकी लहर त्यांना कळली की वीज तुटते आणि गाड्या थांबायला लागतात. साठ वर्षांत रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन शिनकानसेनमधला एकही प्रवासी दगावलेला नाही. बाबांना हे सगळं वाचून माहीत होतं. पण वाचणं वेगळं आणि खिडकीतून बघणं वेगळं.

आम्ही नोव्हेंबरात गेलो. टोकियो, ओदावारा, नागोया, क्योतो, हिरोशिमा असा मार्ग ठेवला होता. थंडी सोसवेल इतपतच असते आणि फुजी पर्वत दिसण्याची शक्यता पावसाळ्यापेक्षा कितीतरी जास्त. नववर्ष, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सुट्टी आणि ऑगस्टमधला ओबोन सण हे तीन काळ मात्र टाळा. अख्खा देश गावी निघालेला असतो, आणि त्या दिवसांत नोझोमी या सगळ्यात जलद गाडीचे सगळे डबे आरक्षित असतात.

आधी टोकियो स्टेशनातली एक जागा सांगते. तिथून रोज हजारो लोक जातात, पण कुणी थांबताना दिसत नाही. १८ आणि १९ नंबरच्या फलाटाच्या दक्षिण टोकाला भिंतीसारखा एक फलक आहे आणि त्यावर एका वृद्धाचा चेहरा कोरलेला आहे. हे शिंजी सोगो. १९५५ मध्ये ७१ व्या वर्षी ते जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले. रेल्वेचे दिवस संपले, आता मोटारी आणि विमानं, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. सोगोंनी आणि त्यांचे मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी जुन्या १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांना हात न लावता १४३५ मिलिमीटरचा संपूर्ण वेगळा मार्ग मागितला. त्यावर फाटक नाही, मालगाडी नाही, लोकल नाही. 'शिनकानसेन' या शब्दाचा अर्थच नवा मुख्य मार्ग. गाडीचं नाव नंतर झालं, आधी ते रुळांचं नाव होतं. जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. खर्च मात्र अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि १९६३ मध्ये दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. पुढच्या वर्षी पहिली गाडी निघाली तेव्हा दोघंही पदावर नव्हते. फलकावर सोगोंचं आवडतं वचन कोरलंय. एक फूल उमललं की जगभर वसंत येतो, असा त्याचा अर्थ. बाबांनी चप्पल काढली, हात जोडले. मी अडवलं नाही. गाडीचं तिकीट नसलं तरी प्लॅटफॉर्म तिकीट काढून हा फलक पाहता येतो.

आता ओदावारा. या सबंध प्रवासातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. टोकियोहून कोदामा या सगळीकडे थांबणाऱ्या गाडीने साधारण ३५ मिनिटांत ओदावारा येतं. कडेला दोन फलाट आणि मधोमध न थांबणाऱ्या गाड्यांचे दोन रूळ. आम्ही बाकावर बसलो. आधी रूळ बारीक गुणगुणायला लागतात. मग बोगद्यातून यावा तसा वारा येतो आणि १६ डबे, ४०० मीटर लांबीची, १,३०० हून जास्त आसनांची गाडी पाच-सहा सेकंदांत निघून जाते. आवाज धडधडीचा नाही, कापड टरकावल्यासारखा. गाडी गेल्यावर बाबांच्या हातातल्या वहीची पानं थोडा वेळ फडफडत राहिली. एका तासात इतक्या गाड्या गेल्या की एखादी राहिली तरी लगेच दुसरी येते. टोकियोच्या मुख्य मार्गावर गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी शिनकानसेन सुटते. सकाळी आपण लोकलची वाट बघतो त्याच अंतराने! गोंगाटाचा त्रास होणाऱ्यांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पिवळ्या पट्टीपासून चांगलं लांब बसावं.

तिकिटाचं गणित नीट समजून घ्या. पूर्वी लोक डोळे मिटून सात दिवसांचा रेल्वे पास काढायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला. टोकियो ते क्योतो नोझोमीने आरक्षित जागा सुमारे १४,००० येन, टोकियो ते हिरोशिमा २०,००० च्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन एवढंच करायचं असेल तर पास परवडत नाही. शिवाय पासवर नोझोमीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात. आम्ही सुटी तिकिटं काढली. कागदी तिकिटं हातात दोन-दोन पडतात, एक प्रवासभाड्याचं आणि एक जलद गाडीचं. दोन्ही एकत्रच यंत्रात घालायची. मी पहिल्यांदा एकच घातलं, दारं धाडकन मिटली आणि मागे रांग लागली. गणवेशातल्या कर्मचाऱ्याने येऊन दोन बोटं दाखवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. आणखी एक: टोकियो स्टेशनात तोकाइदो मार्गाचं आणि उत्तरेकडच्या गाड्यांचं प्रवेशद्वार वेगळं आहे. क्योतो-ओसाकाकडे जाताना १४ ते १९ नंबरचे फलाट शोधा.

फुजी बघायचा असेल तर क्योतोकडे जाताना 'ई' आसन मागून घ्या. दोन आसनांच्या बाजूची ती खिडकी. टोकियो सोडल्यावर साधारण ४० मिनिटांनी, शिन-फुजीच्या आसपास, डोंगर समोर येतो. आमच्या वेळी माथ्यावर बर्फ होतं आणि गाडीतले जपानी लोकही उठून फोटो काढत होते.

सामानाची बाब गंभीर आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर डब्यातल्या शेवटच्या रांगेची, मागे बॅगेला जागा असलेली आसनं आधीच आरक्षित करावी लागतात. त्याला जादा पैसे नाहीत, पण तसं न करता बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. आपण नातेवाइकांसाठी खाऊ भरून नेतो त्या बॅगा हमखास या मापात बसत नाहीत. त्यापेक्षा 'ताक्युबिन' या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने बॅग पुढच्या हॉटेलवर पाठवा. हॉटेलच्या काउंटरवरच सोय होते आणि बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. सत्तरीच्या बाबांना जिन्यांवरून काही उचलावं लागलं नाही ते यामुळेच.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी गाफील राहू नये. स्टेशनावरचे 'एकिबेन' डबे दिसायला रांगोळीसारखे असतात. पण नुसत्या भाज्या दिसल्या तरी त्या बहुतेक वेळा माशाच्या अर्कात शिजलेल्या असतात. तोकाइदो मार्गावर डब्यातून फिरणारी ढकलगाडीही ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. आम्ही दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती. गाडीत खायला कुणाची हरकत नसते. फक्त उरलेलं डब्याबाहेरच्या कचराकुंडीत टाकायचं आणि फोनवर बोलायचं तर दोन डब्यांमधल्या जागेत जायचं.

नागोयाला आओनामी लाइनच्या शेवटच्या किनजोफुतो स्टेशनाजवळ रेल्वेचं संग्रहालय आहे. पूर्ण अर्धा दिवस ठेवा. १९६४ ची गोल नाकाची, निळी-पांढरी गाडी तिथे आत शिरून बघता येते. ताशी २१० किलोमीटर वेग त्या काळात! बाबा आतल्या आसनावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. क्योतोची देवळं आम्ही घाईतच पाहिली, त्याची मला रुखरुख नाही. हिरोशिमाला मात्र शांतता उद्यानात आम्ही संध्याकाळपर्यंत होतो, आणि तिथे दोघंही फारसं बोललो नाही.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग शिनकानसेनच्याच तंत्रावर बांधला जातोय. ५०८ किलोमीटर, त्यात आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार स्थानकं, आणि ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा. परतीच्या विमानात बाबांनी वही उघडली. ओदावाराला गेलेल्या प्रत्येक गाडीची वेळ त्यांनी घड्याळ बघून लिहिली होती, आणि शेजारी वेळापत्रकातली. दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "ठाण्याला पहिली गाडी येईल ना, तेव्हा हीच वही घेऊन फलाटावर बसायचंय मला."