कप भरला की वाजतं

आज पंचवटीत मावशींकडे गेलो, खिशात काडेपेटीहून जरा मोठं यंत्र घेऊन. मधुमेहाने त्यांची नजर गेलीय. चहा गाळताना कप कितपत भरला ते बोट घालून बघतात. ते भाजलेलं बोट महिनाभर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, बझर, ९ व्होल्टची बॅटरी, बस्स. दोन तारा काठावरून कपात सोडायच्या. चहा टेकला की त्यातून किंचित प्रवाह वाहतो, तेवढ्याने ट्रान्झिस्टर चालू होतो नि बझर वाजतो. तारा स्टीलच्या, तांब्याने चहा कळकला असता. तेलातून वीज वाहत नाही, तिथे हे चालणार नाही, तेही सांगितलं.

पहिला कप वाजला. मावशी म्हणाल्या, "अरे, काठोकाठ भरल्यावर वाजून काय? उचलताना सांडतो ना! बोटभर आधी वाजू दे."

घरी टेबलावर बसून हे मला कधीच सुचलं नसतं. तिथेच पक्कडीने तारा खाली वाकवल्या. मग त्यांनी एकटीने तीन कप ओतले. थेंब सांडला नाही.

निघताना विचारत होत्या, "दूध उतू जायच्या आधी वाजेल, असं काही होईल का रे?"

उद्या एमजी रोडला जाऊन सामान बघतो.