डेमो बाईला, सही पुरुषाची

वॉशिंग मशीन बसवायला मी जळगाव-धुळ्याकडच्या गावांत फिरतो. जोडणी झाली की डेमो द्यायचा आणि कार्डावर 'डेमो समजला' म्हणून सही घ्यायची. डेमोला बाई उभी राहते, पदराला हात पुसत. सही करायला बैठकीतून पुरुष येतो. कोणतं बटण कशाचं, हे त्याला माहीत नसतं.

अमळनेर तालुक्यातल्या एका घरी मात्र सत्तरीतले बाबाच स्टूल घेऊन मशीनपुढे बसले. मशीन सुरतेहून मुलाने पाठवलेलं, आजींचा हात प्लास्टरमध्ये. "माले सांग भाऊ, धुनं मीच करस." बोअरचं पाणी जड आहे, पावडर किती टाकू? साडीचा रंग जातो, ती वेगळी लावू का? असे प्रश्न मला क्वचितच कोणी विचारतं. कपडे टाकण्याआधी त्यांनी ब्लाउजचे हुक लावले, परकराच्या नाडीला गाठ मारली. गुंता होऊ नये म्हणून. हे मी सांगितलं नव्हतं.

पुतण्या कुरकुरला, "काका, मागे मोरीत लावा ना. दारातल्या ओट्यावर चारचौघं बघतील."

"मोरीच्या पायऱ्या मला होत नाहीत. बघतील तर बघू दे."

वर पत्रा होता, अर्थिंगही नीट मिळालं. मशीन ओट्यावरच लावलं.

आमच्याकडे शेतात भरीत पार्टी असली की वांगी भाजण्यापासून लाकडी बडगीत ठेचण्यापर्यंत सगळं पुरुष करतात. तिथे कोणालाच कमीपणा वाटत नाही. घरात आलं की टीव्ही आणि पंखा पुढच्या खोलीत, मोरी आणि स्वयंपाक मागे. मे महिन्यात अंगाची लाही होते, तरी कित्येक स्वयंपाकघरांत पंख्याचा पॉइंटच काढलेला नसतो. आणि त्या टीव्हीवर शर्टाला डाग मुलाचा, काळजी आईची, शेवटी पावडरीचं नाव सांगणारा भारदस्त आवाज पुरुषाचा. जिच्यासाठी ही जाहिरात, ती दारात उभं राहून ऐकते.

एरिअल पावडरीच्या जाहिरातींनी २०१५ पासून 'शेअर द लोड', म्हणजे भार वाटून घ्या, म्हणत पुरुषांना धुण्यात ओढायचा प्रयत्न केला. जाहिरात क्षेत्राच्या 'अ‍ॅस्की' या संस्थेने २०२२ मध्ये नियम घातला, की बाहेरून काम करून आलेली बाई एकटीच घरकाम करतेय आणि बाकीचे आरामात बसलेत, असं दाखवू नये. नियम चांगलाच आहे. पण सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. घराघरांत जाऊन मला या आकड्यांचं नवल वाटत नाही, राग येतो.

बाबांनी पूर्ण सायकल बघितली, पाइप काढून पुन्हा लावून दाखवला आणि मगच सही केली.

आता सहीला जो येतो, त्याला मी आधी एक घाणा लावायला सांगतो. काही जण चिडतात, "बाईला दाखवलंय ना!" मग कार्ड तिच्यापुढे धरतो. सही तिचीच घेतो.